उलटी साखळी

गेल्या रविवारी तुमच्याशी बोलता बोलता माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जांभळे ठिपके उमटले. मी तसं म्हटलं मात्र, आणि तुम्ही दोघं एका सुरात ओरडलात, "आजी, बंद करून परत चालू कर!" मी केलं नाही. तुम्हाला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. पण आमच्या शेजारी सहा-सात वर्षं एक गृहस्थ राहत होते आणि त्यांनी मला एक शिस्त लावून ठेवली आहे. दुखणं समोर येऊन बसलं असताना त्याला हाकलायचं नाही, आधी त्याचं चित्र काढायचं. म्हणून तुमचा फोन ठेवल्यावर मी चौकटीचा कागद घेतला, पडद्यावर कुठे कुठे ठिपके आहेत ते पेन्सिलीने काढलं, खाली तारीख घातली आणि मगच टेबलामागे वाकून केबल पाहिली. ती सैल होती. घट्ट केली, ठिपके गेले. पुन्हा सैल केली, ठिपके आले. पुन्हा घट्ट केली.

एकदा बरं झालेलं मी मुद्दाम का बिघडवलं, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर म्हणजे हे गृहस्थ.

आमच्या रिठद गावात त्यांना सगळे मोजणीदार म्हणत. शेतजमिनी मोजण्याच्या सरकारी नोकरीत त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर घेतलं. पत्नी आधीच गेलेली, मुलगी अमरावतीला नांदत होती. मीही तेव्हा नुकतीच हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदावरून मोकळी झाले होते. पहिल्या दिवशी ते कुंपणापाशी आले, "जय भीम, मॅडम," म्हणून हात जोडले, आणि दुसऱ्याच वाक्यात म्हणाले, "तुमचं कुंपण आमच्याकडे वीतभर आलं हाय."

मला राग आला. "मग काढायचं म्हणता का?"

"नाही, राहू द्या. तुमाले ठाव असलं म्हंजे झालं."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. कुंपण अजून तिथेच आहे, आणि ते वीतभर चुकीचं आहे हे मला रोज ठाऊक असतं.

गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल, उजव्या कानावर काळी, डाव्या कानावर लाल. "दिसलं ते काळ्यानं लिहायचं, वाटलं ते लालनं," असा त्यांचा नियम. कोणी येऊन सांगितलं की अमक्याची म्हैस रागीट आहे, तर ते विचारत, "शिंग मारलं का? कोनाले? मंग ते काळं. रागीट हाय, हे तुह्यं लाल." लोक त्यांना हसत. मी शाळेत तीस वर्षं मुलांना हाच फरक शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि दोन पेन्सिलींची युक्ती मला कधी सुचली नव्हती, म्हणून मी हसत नसे.

त्यांच्याकडचा कॉम्प्युटर जावयाने दिलेला होता. जावई घरांचे नकाशे काढायचा, त्यामुळे त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं होतं, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवण्याचं काम करणारी स्वतंत्र पाटी. यंत्रावर आधी ते चालवणारी दुसरी प्रणाली होती, तिचा परवाना जावयाच्या नावाचा. मोजणीदारांनी ती पहिल्याच आठवड्यात पुसून टाकली. "ज्याचा सातबारा आपल्या नावानं नाही, त्या वावरात पेरू नये," म्हणाले. मग त्यांनी लिनक्स बसवलं. ते फुकट मिळतं म्हणून बसवलं असं मला वाटलं होतं. तसं म्हणताच ते दुखावले.

"फुकट नाही, मॅडम. गायरान हाय हे. कोनाचंच नाही, म्हून साऱ्याइचं. गायरानात कोनी बी ढोरं चारावं, पन तिथलं तन उपटाले बी यावं."

गायरानाचं मोल त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या आजोबांकडे स्वतःची एक गुंठाही जमीन नव्हती, आणि नातवाने उभा तालुका मोजला.

यंत्र आपल्या पोटातल्या घडामोडींची एक लांबलचक नोंद ठेवतं आणि ती इंग्रजीत असते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातल्या न समजलेल्या ओळी ते काळ्या पेन्सिलीने उतरवून माझ्याकडे आणत. मी ओसरीवर बसून ओळीचा अर्थ सांगायची. ती ओळ तिथे का आली असावी, हे ते सांगायचे. महाविद्यालयात मी इंग्रजी साहित्य शिकले, पण इतक्या बारकाईने इंग्रजी कोणी माझ्याकडून वाचून घेतलं नाही. हळूहळू आसपासचे लोक त्यांना बोलावू लागले. कोणाच्या पडद्यावर रेघोट्या येत, कोणाचं चित्र थरथरे, कोणाचा पडदा मध्येच काळा पडे. मोजणीदार पिशवीत चौकटीचे कागद घालून पायी जात. त्यांची पहिली अट एकच होती: मी येईपर्यंत बंद करायचं नाही.

बसथांब्याजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. एका सोयाबीनच्या हंगामात तिथल्या पडद्यावर हिरवे चौकोन येऊ लागले. चित्रं फाटत, अक्षरं विरघळत. फॉर्मची मुदत तोंडावर आणि दुकानासमोर रांग. मी माझ्या कामाला गेले होते म्हणून पुढचं सगळं पाहिलं. मोजणीदारांनी दुकानदाराच्या हातात कागद दिला.

"तोंडानं नको सांगू. काढून दाखव."

"काका, मी कॉमर्सचा हाय, ड्रॉइंगचा नाही!"

"चौकोनच हायेत नं? गाय थोडीच काढाची हाय."

त्याने कसेबसे चौकोन काढले. मोजणीदारांनी ते किती वेळाने येतात हे तासभर बसून पाहिलं. यंत्र सुरू केल्यावर लगेच येत नाहीत, काही वेळाने येतात, आणि समोरच्या मैदानात मळणीयंत्र चालू असलं की लवकर येतात, एवढं काळ्या पेन्सिलीने लिहून झाल्यावर त्यांनी यंत्राचा डबा उघडला. कार्डाच्या पंख्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, गच्च बसलेलं होतं. ते त्यांनी रंगाच्या ब्रशने काढलं. चौकोन गेले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग या गृहस्थांनी एक पुठ्ठा घेतला आणि तो पंख्यासमोर धरून उभे राहिले.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "ओ काका! बरं झालं होतं नं? काहून बिघडवून राह्यले?"

"बरं झालं होतं. काहून झालं, ते ठाव नव्हतं."

थोड्या वेळात हिरवे चौकोन परत आले. मोजणीदारांनी पुठ्ठा काढला, ते गेले. तेव्हा कुठे त्यांनी डाव्या कानावरची लाल पेन्सिल काढली आणि एका शब्दात निदान लिहिलं: कुटार.

याला ते उलटी साखळी म्हणत. जुन्या काळी जमीन साखळीने मोजत. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत साखळी टाकायची, आणि मग त्या खुणेपासून उलट या खुणेपर्यंत. दोन्ही मापं जुळली तरच नकाशात रेघ मारायची. "दुरुस्त झालं म्हंजे एकाच टोकाकून मोजलं," ते म्हणत. "दोष काढला अन् दुखनं गेलं, दोष घातला अन् दुखनं आलं, तवा मोजनी पुरी."

फार त्रासदायक माणूस होते. एकदा माझं यंत्र त्यांनी तीन दिवस अडकवून ठेवलं होतं, कारण दोष आपोआप गेला होता आणि तो परत आल्याशिवाय ते यंत्र सोडायला तयार नव्हते. तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले. पण त्यांच्या या हट्टावर एका बाईची विहीर टिकली, तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि खरं तर तोच सांगण्यासाठी हे लिहायला बसले.

आमच्या गल्लीमागे, गावाला लागूनच, एक वावर आहे. दोन भावांचं. थोरला वारला. त्याची बायको कमल, आणि धाकटा गजानन. दीर-भावजयीचं वैर नव्हतं, पण मुलं मोठी होत होती, तेव्हा वाटणी करून घ्यावी असं ठरलं. मधून उत्तर-दक्षिण रेघ मारायची, पूर्वेचा भाग कमलचा, पश्चिमेचा गजाननचा, दोन्हीकडे सारखं क्षेत्र. वावराच्या साधारण मध्यावर विहीर होती. ती ज्याच्या भागात पडेल त्याची, असं दोघांनी पोलीस पाटलांसमोर कबूल केलं. कमलकडे हळद उभी होती, गजाननकडे हरभरा. हरभरा एखाद्या पाण्यावरही तग धरतो. हळद धरत नाही. विहीर गेली तर कमलचं वर्षाचं पीक जाणार होतं, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचं.

मोजणीदारांनी वावर टेपने मोजलं, नकाशा यंत्रावर चढवला, आणि एका दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो. गजानन, कमल, पोलीस पाटील आणि मी. आमच्याकडे वाटणीचं बोलणं चहाआधी करत नाहीत. मोजणीदारांच्या घरी दूध नसायचं, म्हणून चहा माझ्याकडून आला. नकाशा पडद्यावर उघडून ठेवलेला होता, पण चहा होईपर्यंत कोणी तो जवळून पाहिला नव्हता. वाटणीची रेघ पक्की व्हायची होती, म्हणून ती तुटक-तुटक काढलेली. चहा झाला. मोजणीदार कप ठेवायला आणि कागद आणायला आतल्या खोलीत गेले. गजाननला धीर नव्हता. त्याने माउस धरून नकाशा थोडा उजवीकडे ओढला आणि ओरडला, "विहीर माह्याकडं हाय!"

मीही पाहिलं. विहिरीचा गोल रेघेच्या डावीकडे, पश्चिमेला होता. गजाननने लगेच मोबाइलवर फोटो काढला. कमलने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

मोजणीदार बाहेर आले, खुर्चीत बसले, माउसला हात लावला आणि म्हणाले, "काहून? विहीर तं कमलबाईकडं हाय. रेघेच्या पूर्वेले, सात हात आत."

आणि खरंच, आता पडद्यावर विहीर उजवीकडे होती.

खोलीत काय झालं असेल याची कल्पना करा. गजानन उभाच राहिला. "आत्ता इकडं होती! हा पाहा फोटो! काका, तुमी रेघ सरकवली!"

"म्या कायलेच हात नाही लावला."

"मंग विहीर चालत गेली का? काय देलं वयनीनं तुमाले?"

चाळीस वर्षं लोकांच्या बांधांवर उभं राहून ज्याने कोणाचा चहासुद्धा घेतला नव्हता, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फोटो मागितला आणि भिंग लावून पाहिला. मग मला बोलावलं. फोटोत विहिरीच्याच उंचीवर, कडेला, शेजारच्या वावराचा गट क्रमांक होता. त्या आकड्यांचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा भाग बोटभर डावीकडे सरकलेला होता. कोणी ऊस चिरावा तसे आकडे आडवे चिरलेले.

"फोटो खरा हाय," ते म्हणाले. "नकाशा बी खरा हाय. खोटं पडदा बोलला."

"पडदा कसा खोटं बोलन?" गजानन म्हणाला.

"ते मले सांगता येत नाही. दाखवावं लागन."

पण त्या दिवशी दाखवता आलं नाही. नकाशा कितीही ओढला तरी विहीर जागची हलेना. शेवटी पोलीस पाटलांनी निवाडा केला. आठ दिवसांनी पुन्हा बसायचं. तोवर विहिरीवरची मोटर कोणीच चालवायची नाही. तेव्हा दाखवता आलं तर नकाशा धरायचा, नाहीतर फोटो. गजाननने मोटरीच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

आठ दिवस मोजणीदारांनी यंत्र बंद केलं नाही. रोज नकाशा उघडत, ओढत, मिटत. दोष काही येईना. कमल रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मला विचारायची, "मॅडम, आलं का वो?" एखाद्याच्या यंत्रात बिघाड यावा म्हणून कोणी इतक्या आशेने विचारताना मी पाहिलं नव्हतं. तिच्या हळदीची पानं सुरळी करू लागली होती. गावात लोक उघड बोलू लागले, की म्हाताऱ्याने बाईची बाजू घेतली आणि आता यंत्रावर ढकलतो आहे. मी त्यांना म्हटलं, "पुन्हा मोजून द्या ना." ते म्हणाले, "मोजलेलं खरंच हाय, मॅडम. माह्या मोजन्यावर आता त्याचा इश्वास नाही. त्याले त्याच्या डोळ्यानं दिसलं पाह्यजे."

नवव्या दिवशी पुन्हा तेच पाच जण त्याच खोलीत. मोजणीदारांनी पहिल्या बैठकीची यादी समोर ठेवली होती, सगळी काळ्या पेन्सिलीने. कोण कुठे बसलं, नकाशा कधी उघडला, किती मोठा केला, कोणत्या बाजूला ओढला. त्या यादीप्रमाणे त्यांनी गजाननलाच माउस दिला. त्याने ओढलं. विहीर पूर्वेला. पुन्हा ओढलं. पूर्वेला. तिसऱ्यांदाही पूर्वेला. गजानन पाठ टेकून बसला. "झालं का काका?"

मोजणीदार यादीवरून बोट फिरवत होते. ते मध्येच थांबलं.

"मॅडम," ते म्हणाले, "चाय ठेवता का?"

मला वाटलं, दमले. हार मानली. मी म्हटलं, "आता चहा कशाला?"

"त्या दिवशी चाय झाली होती. आज नाही झाली."

खरंच नव्हती झाली. भांडलेली माणसं एकत्र चहा पीत नाहीत, म्हणून मी विचारलंही नव्हतं. पाटील म्हणाले, "चायचा अन् कॉम्पुटरचा काय संबंध?"

"ठाव नाही. पन यादीत हाय. त्या दिवशी जे जे झालं, ते सारं झालं पाह्यजे."

मी पाच कप चहा आणला. गजानन म्हणाला, "मी नाही पेत."

"पिऊ नको. धरून बस."

तो कप धरून बसला. आम्ही प्यायलो. कोणी बोललं नाही, कोणी यंत्राला हात लावला नाही. मोजणीदार कप घेऊन आत गेले, त्या दिवशी गेले होते म्हणून. आतूनच म्हणाले, "ओढ."

गजाननने नकाशा उजवीकडे ओढला. सगळा नकाशा सरकला, पण विहिरीच्या उंचीवरचा बोटभर आडवा पट्टा जागच्या जागी राहिला. त्या पट्ट्यात विहीर होती. तुटक रेघ नेमकी तेवढ्या भागात तुटलेलीच होती, त्यामुळे रेघ मोडलेली दिसेना. ती सरकून विहिरीच्या पलीकडे गेली होती. विहीर पश्चिमेला. आणि कडेचा गट क्रमांक उसासारखा आडवा चिरलेला.

"कोनी हालू नका!" मोजणीदार धावत बाहेर आले. त्यांनी पडद्याला बोटही लावलं नाही. गजाननला फोटो काढायला सांगितला. मग कळफलकावरची एक कळ दाबून यंत्रालाच त्याच क्षणाचं चित्र काढायला लावलं, ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि पाटलांच्या लॅपटॉपवर उघडलं. त्यात विहीर पूर्वेला, सात हात आत होती. गजानन मोबाइलकडे पाही आणि लॅपटॉपकडे पाही.

"यंत्राच्या मनात हे होतं," मोजणीदार म्हणाले, "अन् पडद्यावर ते आलं. मधात रंगवनारा गफलत करून राह्यला."

पाटील उठू लागले. मोजणीदारांनी त्यांना बसवलं. एकाच टोकाकडून मोजलं होतं ना! आता, दोष समोर असताना जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं, यंत्र बंद केलं. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा टाकला होता, त्यासोबत कार्ड चालवणारा भागही नवा आला होता. लिनक्समध्ये जुना गाभा शिल्लक राहतो आणि सुरू करताना तो निवडता येतो. त्यांनी जुना निवडला. नकाशा उघडला. "मॅडम, चाय."

दुसरा चहा झाला. जुन्या गाभ्यावर पट्टा आला नाही. खात्रीसाठी तिसरा चहा. आला नाही. या वेळी गजानन कप नुसता धरून बसला नव्हता, प्यायला होता. मग पुन्हा नवा गाभा आणि चौथा चहा.

"मोजणीदार, चायनंच मारता का आमाले?" पाटील म्हणाले.

चौथ्या चहाला कमल माझ्यामागे आमच्या स्वयंपाकघरात आली. गजानन चहात साखर घेत नाही हे मला ठाऊक नव्हतं; एक कप तिने बिनसाखरेचा वेगळा काढला आणि तो स्वतः नेऊन गजाननच्या हाती दिला. त्याने वर पाहिलं नाही. पण त्याने पहिला घोट घेतला आणि साखर नाही हे त्याच्या लक्षात आलं, ते मला दिसलं.

चहा संपला. गजाननने नकाशा ओढला. पट्टा आला.

मोजणीदारांनी लाल पेन्सिल काढली. लिहिण्याआधी मात्र ते उभे राहिले आणि शाळेत मुलं राहतात तसे हात बाजूला घेऊन म्हणाले, "पाटील, चूक माही हाय. बैठकीच्या तोंडावर अवजार बदलू नये, हे मले नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी बदललं, अन् पारखलं नाही. गजानन लबाड नाही. त्याले जे दिसलं, तेच त्यानं सांगतलं. त्याच्या फोटोबिगर मले हा दोष सापडलाच नसता."

गावाने ज्याच्यावर आठ दिवस संशय घेतला, त्याने उठून आधी दुसऱ्याचं नाव साफ केलं. मी आयुष्यात बक्षीस समारंभ पुष्कळ पाहिले. इतका अभिमान मला कोणत्याही समारंभात वाटला नाही.

पुढे आम्ही दोघांनी मिळून हा दोष त्या गाभ्याची देखभाल करणाऱ्या परदेशी मंडळींना कळवला. इंग्रजी माझं. पायऱ्या त्यांच्या. चौथी पायरी होती, "एक कप चहा पिऊन होईपर्यंत यंत्राला हात लावू नये." मी म्हटलं, इथे इतकी मिनिटं असं लिहू. ते म्हणाले, "मिनिटं आपन मोजली नाही, मॅडम. चाय मोजली." तसंच लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं. लिहिणाऱ्याने कळवलं होतं की त्याने खरोखरच चहा केला, प्यायला, आणि त्याच्या पडद्यावरही पट्टा आला. दोष पुढे दुरुस्त झाला. चित्र बराच वेळ बदललं नाही तर कार्ड ते पुन्हा रंगवायचा कंटाळा करत होतं आणि त्यात शिळा तुकडा राहून जात होता. तुमच्या ओळखीच्या कोणा यंत्रावर तो दोष आता येत नसेल, तर त्यात रिठदच्या चहाचाही वाटा आहे.

पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. गजाननने खिशातून किल्ली काढली. ती त्याने टेबलावर ठेवली नाही, कमलसमोर धरली.

"वयनी, पानी सोडा. वरच्या वाफ्यापासून घ्या, तिकडची पानं लय वाळली."

"तुमीच चाला, भाऊजी. ते कुलूप तुमालेच उघडते," कमल म्हणाली. "अन् हरभऱ्याले बी एक पानी लागन. हळदीचं झालं का घ्या."

ती दोघं पुढे आणि पाटील मागे, असे ते वावराकडे निघाले. मीही निघाले होते. पायात चप्पल घातली, तेवढ्यात मोजणीदारांनी हाक मारली.

"मॅडम, थोडं बसता का? चाय नको. नुसतं गप बसाचं हाय. दोष चायनं येते का गप बसल्यानं, ते राह्यलं."

त्यांनी नकाशा उघडला. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो, मी मांडीवर हात ठेवून आणि ते काळी पेन्सिल हातात धरून. मागच्या वावरात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. दारात जाऊन पाहावं असं मला फार वाटलं, पण मी हलले नाही. मोजणी चालू होती.